आर्किटेक्टने स्वतःसाठी बांधलेलं घर: आत राहणाऱ्यांचं काय?

पागोळी | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण हा विषय घरात रोज निघतोय, म्हणून शेवटी धागा काढते.

माझे सासरे आर्किटेक्ट होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. सहकारनगरात १९७९ साली त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं आणि गेली १९ वर्षं मी त्या घरात राहते. नाना तीन वर्षांपूर्वी गेले. सासूबाई आता ७८ वर्षांच्या आहेत, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, आणि घर पाच पातळ्यांवर आहे. आमचा प्लॉट तळजाईच्या बाजूने उतरता. नानांनी भराव घातला नाही, कापाकापीही केली नाही, उतार जसा होता तसं घर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलं. फाटकातून आलं की त्यांचा स्टुडिओ. तिथून तीन पायऱ्या चढून बैठक, आणखी तीन चढून स्वयंपाकघर, मग झोपायच्या खोल्या. आईंना सकाळचा चहा घ्यायला उतरावं लागतं आणि देवळात जायचं तर आणखी सहा पायऱ्या. संध्याकाळी हे सगळं पुन्हा चढायचं.

एक गोष्ट सांगते म्हणजे घर कसं आहे ते कळेल. बांधकाम चालू असताना नानांनी आईंना विटांच्या ढिगाजवळ उभं केलं, हातात पोळपाट-लाटणं दिलं आणि लाटताना कोपर कुठे येतं ते बघून विटांवर खडूने रेघ मारली. आई चार फूट दहा इंच. ओटा आला ३१ इंचांवर. ४५ वर्षं त्या ओट्यावर त्यांनी स्वयंपाक केला, पाठ कधी दुखली नाही. मी पाच फूट सात इंच. त्याच ओट्यावर मी वाकून पोळ्या लाटते आणि माझी कंबर दर महिन्याला फिजिओथेरपिस्टकडे जाते.

नवरा म्हणतो, नानांच्या घराला हात लावायचा नाही. नणंद म्हणते, बिल्डरला देऊन टाका, आईला लिफ्ट तरी मिळेल. मला दोन्ही पटत नाही. माझं या घरावर प्रेम आहे. पावसाळ्यात मधल्या चौकात मंगलोरी कौलांवरून पागोळ्या थेट गोट्यांच्या चरात पडतात. नानांनी तिथे मुद्दाम पन्हळ लावली नाही. त्या आवाजात माझी दोन्ही मुलं झोपायला शिकली. (आयडी त्यावरूनच घेतलाय.)

तर प्रश्न असा: ज्यांनी आर्किटेक्टची स्वतःची घरं पाहिली आहेत, किंवा अशा घरात जे राहतात, त्यांनी लिहा. अशा घरात बदल करावेत का? कुठपर्यंत?

---

चुनागच्ची | ४ मे, रात्री ११:३०

मी २६ वर्षं आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस करते आहे. ओट्याची गोष्ट वाचून खूप वेळ नुसती बसले होते. माझ्या ड्रॉइंगमध्ये ओटा ३४ इंच असाच लिहिलेला असतो. लाटणं हातात देऊन कुणाला उभं केलेलं मला आठवत नाही. उद्यापासून करणार.

आमच्या धंद्यात स्वतःचं घर ही एकच जागा अशी आहे जिथे चूक झाली तर ती आपल्याच डोक्यावर गळते. दुसऱ्याच्या पैशावर प्रयोग करायचा नसतो, पण केल्याशिवाय शिकताही येत नाही. फिनलंडच्या अल्व्हार आल्टोने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मूरात्सालो बेटावर स्वतःसाठी उन्हाळी घर बांधलं. त्याच्या अंगणाच्या भिंतींत त्याने ५०च्या आसपास चौकोन पाडले आणि प्रत्येकात वेगळी वीट, वेगळी रचना, वेगळा सांधा. कोणती वीट थंडी-पावसात टिकते हे त्याला सुट्टीत अंगणात बसून बघायचं होतं.

आपले बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचाच, १९२७. घरात दोन पिढ्यांचा फर्निचरचा व्यवसाय. २०१८ साली प्रित्झकर, म्हणजे आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा पुरस्कार, मिळालेले ते पहिले भारतीय. अहमदाबादला त्यांनी १९६३मध्ये स्वतःचं घर बांधलं आणि त्याला पत्नीचं नाव दिलं, 'कमला'. विटांच्या भिंती दुहेरी, मध्ये पोकळी, कारण तिथलं ऊन. ज्याला स्वतःला मे महिन्यात त्या भिंतीला टेकून बसायचं आहे तो भिंतीचा विचार जरा जास्तच करतो.

बदलाबद्दल: कोलंबोत आर्किटेक्ट जेफ्री बावाचं स्वतःचं घर आहे, 'नंबर ११'. एका गल्लीत चार छोटी घरं ओळीने होती. १९५८मध्ये त्याने त्यातलं एक घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत एकेक करत चारही. भिंती काढल्या, जोडल्या, छपरं काढून चौक केले, पुढचं घर पाडून तिथे मनोरा उभारला. ते घर बांधून 'झालं' असं नेमकं कधी म्हणायचं, मला सांगता येणार नाही. तुमचे नाना असते तर त्यांनी आतापर्यंत काय काय हलवलं असतं याचा विचार करा.

---

सातखणी | ५ मे, सकाळी ६:५०

माझं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. त्याला आर्किटेक्ट नव्हता, सुतार आणि गवंडी होते. खालचं जोतं घडीव दगडाचं, वर वीट, आणि छताला कडीपाट. घराचं माप खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात सांगायचे. काकांचं लग्न ठरलं तेव्हा माजघरात लाकडी पडदी उभी राहिली. आजीला चालवेना तेव्हा ओसरीचं एक अंग बंद करून तिला तिथे खोली केली, म्हणजे येणारं-जाणारं दिसेल आणि बोलायला माणूस मिळेल. ती त्या खोलीत नऊ वर्षं होती. पेठेतले लोक दारावरून जाताना तिला हाक मारून जायचे.

आर्किटेक्टच्या घरात आणि वाड्यात हाच फरक मला जाणवतो. वाडा कुणा एकाचा नव्हता, म्हणून त्याला हात लावायला कुणी घाबरलं नाही. पागोळीताई, तुम्ही घाबरताय कारण त्या भिंतींवर एका माणसाची सही आहे. ते समजू शकतो. पण सासूबाईंना काय हवंय ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

---

आडणी | ५ मे, दुपारी १:१५

मी आर्किटेक्टची बायको आहे, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते.

आमचं घर कोथरूडला. नवऱ्याने फार मनापासून केलं. घोटीव सिमेंटची जमीन, उंच छत, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये भिंत नाही. बघायला आलेला प्रत्येक माणूस वा म्हणतो. पण त्या घरात एकही माळा नाही! गणपतीचं मखर कुठे ठेवायचं? जादा गाद्या? लोणच्याच्या बरण्या, दिवाळीचे डबे, मोठी परात, पुरणयंत्र? छताची रेघ तुटते म्हणून माळा नाही. पहिली पाच वर्षं मखर माझ्या आईकडे नारायण पेठेत राहिलं.

मला राग नाही. तो पुस्तकं आणि उजेड यांचा विचार करतो, मी डब्यांचा करते, आणि नकाशा काढताना टेबलावर तो एकटा होता. पुढे मी एक दिवस घरातली प्रत्येक वस्तू मोजून यादी केली. परातीचा व्यास, मखराची उंची, सगळं. ती यादी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने जिन्याखाली आणि न्हाणीघराच्या वर इतकी नेटकी जागा काढली की आता मखर तिथे दीड बोटाच्या फरकाने बसतं. यादी आधी मागितली असती तर पाच वर्षं वाचली असती.

मोठ्या आर्किटेक्टांचंही बघा. फिलिप जॉन्सनने १९४९ला अमेरिकेत स्वतःसाठी चारी बाजूंनी काचेचं घर बांधलं, जगभर फोटो गेले. त्याच्या समोरच त्याने विटांचं दुसरं घर बांधलंय, पाहुण्यांसाठी, आणि यंत्रसामग्री त्याच्या पोटात. ल कोर्बुझिएची समुद्रकाठची ती लाकडी खोली, १२ फूट बाय १२ फूट, सगळे आर्किटेक्ट डोक्यावर घेतात. तिला स्वयंपाकघर नव्हतं. शेजारच्या खानावळीत जायला भिंतीतून दार होतं. म्हणजे घराचं ओझं कुणीतरी वाहत होतंच, नकाशात ते दिसत नाही इतकंच.

---

दगडफूल | ५ मे, दुपारी १:४०

आडणीताई, माळ्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. प्रत्येक शब्द खरा आहे.

---

मळवाट | ५ मे, रात्री ९:०५

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचं नाव अजून कसं आलं नाही? तिरुअनंतपुरमला नालांचिरा भागात त्यांचं स्वतःचं घर आहे, 'हॅम्लेट'. मी रस्त्यावरून पाहिलंय. टेकडीचा खडकाळ उतार, ज्यावर दुसऱ्या कुणी घर बांधायचा विचार केला नसता. पागोळींच्या नानांसारखंच, उताराला धरून घर वर-खाली जातं. पत्नी एलिझाबेथ डॉक्टर. केरळात येण्याआधी दोघांनी पिठोरागडच्या डोंगरात १६ वर्षं काढली होती. घर एका दमात बांधलेलं नाही. लागेल तसं वाढत गेलं, आणि मोडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या त्यात बसवली.

त्यांची विटांची पद्धतही सांगतो. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, आत पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि ती पोकळी उन्हाला अडवते. मी माझ्या मुळशीच्या छोट्या घराला ही करायला घेतली होती. आपल्याकडच्या भट्टीच्या विटा मापात कमी-जास्त, उभ्या लावल्या की ओळ जुळेना. गवंड्याने आणि मी मिळून अख्खा ट्रक निवडून दोन ढीग केले, एक सरळ विटांचा आणि एक बाकीचा. बाकीच्या विटा गिलाव्याच्या भिंतींना वापरल्या. वेळ गेला, पण भिंत सुरेख झाली.

---

ओळंबा | ६ मे, सकाळी ८:२०

स्ट्रक्चरल इंजिनिअर. भावना बाजूला ठेवून नाही, पण आधी मापं.

पागोळी, भिंती दगडी आणि वजन पेलणाऱ्या आहेत की आरसीसी कॉलम-बीम? दगडी असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून हातोडा लावू नका. ७९ सालचे नकाशे आहेत का? प्रत्येक पातळीतलं अंतर किती? फाटकाजवळच्या ड्रेनेज चेंबरची खोली किती?

रॅम्पचा विचार असेल तर उतार १ ला १२ धरायचा. म्हणजे एक इंच चढायला एक फूट लांबी. तीन पायऱ्या सात-सात इंचांच्या असतील तर २१ इंच, म्हणजे २१ फूट रॅम्प. तेवढी जागा आहे का बघा.

आणि आजपासून करण्यासारखं: प्रत्येक पायरीटप्प्याला दोन्ही बाजूंनी कठडा. एका बाजूचा पुरत नाही, उतरताना दुखरा पाय बदलतो.

---

नवशिका | ६ मे, दुपारी ४:००

मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुण्यात असं घर कुठे आहे?

---

चुनागच्ची | ६ मे, संध्याकाळी ७:४५

आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं बालेवाडीतलं 'इंडिया हाऊस'. ते १९७६मध्ये पुण्यात आले आणि २०२४मध्ये जाईपर्यंत इथलेच होऊन राहिले. मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज त्यांचंच. इंडिया हाऊसमध्ये राहणं आणि स्टुडिओ एकत्र, मध्ये चौक. चौकाभोवती काम आणि घर कसं बसवलंय ते अभ्यासण्यासारखं आहे.

चार्ल्स कोरिया यांचं स्वतःचं घर बंगळूरला कोरमंगलात, तेही मधल्या अंगणाभोवती. पुण्यात राहून कोरिया समजून घ्यायचे असतील तर विद्यापीठाच्या आवारातल्या, त्यांनीच केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत परवानगी काढून जा, तिथल्या कुंडाच्या पायऱ्यांवर तासभर बस. पण खरं सांगू? वही आणि टेप घेऊन आधी स्वतःच्या आजीचं घर मोज. ओटा, उंबरा, न्हाणीघराची पायरी. कॉलेजात हे कुणी सांगत नाही.

---

पागोळी | ९ मे, रात्री ११:०५

उशीर झाला, माफ करा. पोटमाळ्यावरून पत्र्याची नळकांडी काढली. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेले मूळ नकाशे आहेत, कडा पिवळ्या झाल्यात पण रेघ जशीच्या तशी. एका कागदावर चुकलेली रेघ ब्लेडने खरवडलेली दिसते. आईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे रात्री दोन वाजता. मी कॉफी करून दिली होती."

ओळंबा, तुमची उत्तरं. तळमजल्याच्या भिंती १५ इंची काळ्या दगडाच्या, वजन पेलणाऱ्या. स्टुडिओ ते बैठक बरोबर २१ इंच. ओसरी १४ फूट, म्हणजे रॅम्प होत नाही. चेंबर स्टुडिओच्या भिंतीपासून १८ फुटांवर, झाकणापासून तळ अडीच फूट. कठडे बसवायला सुतार आज येऊन गेला.

सातखणी, तुमचा प्रश्न मला टोचला. खरंच विचारलं नव्हतं. आम्ही तिघं आईंबद्दल बोलत होतो, आईंशी नाही. काल विचारलं.

---

रेघ | १० मे, सकाळी ९:३०

मी वेगळं मत मांडतो. पुण्यात १९६० ते ८०च्या काळातले किती तरी उत्तम बंगले गेल्या पंधरा वर्षांत पडले. प्रभात रोड, डेक्कन, लॉ कॉलेज रोड, एकेक करत. आधी माळा, मग पार्किंगसाठी भिंत, मग ॲल्युमिनियमच्या खिडक्या, आणि इतकं बिघडलं की मग पाडायला कुणाला वाईट वाटत नाही. मेक्सिकोतल्या लुई बरागान या आर्किटेक्टचं स्वतःचं १९४८चं घर जसंच्या तसं जपलं, म्हणून २००४मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. पागोळी, एक दगडसुद्धा काढण्याआधी घराचं संपूर्ण मोजमाप आणि फोटो करून घ्या. कळकळीने सांगतोय.

---

आडणी | १० मे, सकाळी ११:१०

रेघ, मोजमाप आणि फोटोंबद्दल पूर्ण सहमत. पण बरागान त्या घरात एकटे राहत होते, १९८८मध्ये गेले ते तिथेच, आणि नंतर ते संग्रहालय झालं. इथे ७८ वर्षांची बाई रोज चढ-उतार करते आहे. जपायचं ते तिला धरून.

---

रेघ | १० मे, सकाळी ११:५०

मान्य. माझं म्हणणं घाईपुरतं होतं.

---

पागोळी | १३ मे, रात्री १०:४०

ठरलं. आईंनी ठरवलं.

त्यांना नानांचा स्टुडिओ हवाय. आमच्या कुणाच्या मनातही ते आलं नव्हतं, कारण तीन वर्षं ती खोली आम्ही पुसून बंद ठेवत होतो, टेबलावरची टी-स्क्वेअरसुद्धा हलवली नव्हती. आई म्हणाल्या, "घरातली सगळ्यात चांगली खोली त्यांनी स्वतःला घेतली होती. आता मी घेते." खोली उत्तरेची, उजेड दिवसभर सारखा. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि संध्याकाळची तिरीप वायव्येकडून आत येते, म्हणून खिडकीच्या बाहेर डाव्या अंगाला नानांनी दगडाची उभी पडदी घातली होती. मी १९ वर्षं तिला शोभेची समजत होते. काल साडेपाचला आईंच्या पलंगाची जागा ठरवताना बघितलं, ऊन पडदीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. पलंगावरून फाटक दिसतं, भाजीवाला दिसतो, रस्त्यापर्यंत एकही पायरी नाही.

टेबल वर माझ्या मुलीच्या खोलीत जाईल. स्टुडिओच्या मागच्या सामानाच्या खोलीत संडास-न्हाणीघर होईल. ओटा तसाच राहणार, ३१ इंच, कारण आई रोज अर्धा तास तरी तिथे उभ्या राहतात आणि राहणार. समोरच्या भिंतीला माझ्यासाठी वेगळा ओटा, ३७ इंच. उंची आईंनी ठरवली. माझ्या हातात लाटणं दिलं आणि भिंतीवर खडूने रेघ मारली. माझा नवरा त्या वेळी दारात उभा होता. काही बोलला नाही, टेप आणून उंची वहीत लिहून घेतली.

रेघ, रविवारी चुनागच्चींच्या दोन विद्यार्थिनी पूर्ण घर मोजायला येताहेत. नवशिका, तूही ये.

ओळंबा, दोन प्रश्न. स्टुडिओतून मागच्या खोलीत जाणारं दार अडीच फुटांचं आहे, वॉकर अडकतो. ते तीन फूट करता येईल का? आणि ड्रेनेजला उतार पुरेल का?

---

ओळंबा | १४ मे, सकाळी ७:३५

ड्रेनेज होतं. चार इंची पाइपला ४० फुटाला एक फूट उतार लागतो, तुमच्या १८ फुटांना साडेपाच इंच. चेंबर अडीच फूट खोल आहे, आरामात बसेल.

दार होईल, पण क्रमाने. वरच्या स्लॅबला आधी टेके द्यायचे. नवीन तुळई एका बाजूने भिंतीच्या अर्ध्या जाडीत खोबणी करून बसवायची, दोन्ही टोकांना किमान नऊ इंच भिंतीवर टेकली पाहिजे. वरची फट सिमेंटने घट्ट भरायची, आठवडा थांबायचं, मग दुसऱ्या बाजूने उरलेल्या अर्ध्या जाडीत दुसरी. दोन्ही पक्क्या झाल्यावरच खालचे दगड काढायचे. ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीने काम करणारा दगडाचा जुना कारागीर बघा. जागेवर येऊन पाहिल्याशिवाय अंतिम काही सांगत नाही, शनिवारी दहाला येतो. पावसाच्या आधी तीन आठवडे आहेत, तेवढ्यात होऊन जाईल.

---

पागोळी | १४ मे, सकाळी ८:०२

नक्की या, चहा इथेच. आई विचारताहेत, दाराचे निघालेले दगड टाकून देणार का? त्यांना फाटकाजवळ बसायला बाक हवाय.

---

ओळंबा | १४ मे, सकाळी ८:१०

टाकायचे नाहीत. काढायच्या आधी प्रत्येकावर नंबर टाका. खडू नको, पावसात जाईल. ऑइलपेंट वापरा. आणि बाकाची उंची ठरवताना आईंना बसवून बघा, गुडघ्यांना १८ इंचांपेक्षा कमी चालणार नाही.